मृत्यूचा सांगावा आणि आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मांडवात मृत्यूविषयी बोलणे काहींस अप्रशस्त वाटेल. मंगल प्रसंगी अमंगळ शब्द उच्चारू नये, हा आपल्याकडील रिवाज आम्हांस ठाऊक आहे. तथापि ज्या धर्मग्रामाची पन्नास वर्षे आपण आज साजरी करीत आहो, त्याची अर्धी कहाणी स्नानसंस्काराच्या वहीत असून उरलेली अर्धी मृतांच्या वहीत आहे. पहिली वही उघडून आनंद करावयाचा आणि दुसरी कपाटात कुलूपबंद ठेवावयाची, हे न्याय्य होणार नाही. म्हणून आज आम्ही रोज डोळ्यांसमोर येणाऱ्या एका साध्या विषयावर बोलण्याचे योजिले आहे. माणूस मेल्यावर ती वार्ता गावास कशी कळवितात, आणि त्या कळविण्यावरून त्या समाजाचे अंतःकरण कसे ओळखता येते, हा तो विषय होय.

नांदेडात वजिराबादच्या रस्त्याने जावे, अथवा लातुरात जेथे सोळा रस्ते एकत्र येतात त्या गंजगोलाईत उभे राहावे; कोठे ना कोठे एखादा मोठा फलक दृष्टीस पडतोच. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरे, मध्ये मृताचे छायाचित्र, खाली जन्म व मृत्यू यांच्या तारखा, दशक्रियेचे किंवा गोड जेवणाचे स्थळ व वेळ, आणि शेवटी 'शोकाकुल' ह्या शब्दापुढे नावांची लांब ओळ. नांदेडचा 'प्रजावाणी' किंवा लातूरचा 'एकमत' यांसारखी दैनिके उघडली, तर निधनवार्तेचा मजकूर ठरलेल्या साच्यातला आढळतो: अमुक गावचे रहिवासी, अमुक वय, अल्पशा आजाराने निधन, पश्चात पत्नी, मुलगे, मुली, सुना, नातवंडे असा परिवार. आता तर फलक लागण्यापूर्वीच ती वार्ता हातातल्या दूरध्वनीवर येऊन थडकते. एके काळी तारवाला दारात दिसला की घरातील बायाबापड्या मजकूर वाचण्याआधीच रडू लागत. ती तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. साधने बदलली, परंतु वार्ता सांगण्याची गरज कायम राहिली.

त्या साचेबंद मजकुरास पुष्कळ सुशिक्षित लोक हसतात. आम्हांस तसे हसू येत नाही. 'पश्चात अमुक परिवार आहे' हे वाक्य क्षणभर नीट पाहा. मेलेल्या माणसाविषयी लिहिताना ते जिवंतांची मोजदाद करते. हा मनुष्य एकटा नव्हता, त्याच्या जाण्याने इतक्या घरांत पोकळी पडली आहे, तेव्हा शेजाऱ्यांनो, इकडे लक्ष असू द्या, एवढा अर्थ त्यात भरलेला आहे.

त्याहून अधिक बोलके आहेत ते मृताच्या नावाआधी येणारे शब्द. कैलासवासी म्हणताना शिवलोकाची आशा असते, वैकुंठवासी म्हणताना विष्णुलोकाची. आपल्या लातूर-नांदेडकडे लिंगायत बांधवांची वस्ती मोठी; ते 'लिंगैक्य' लिहितात, म्हणजे जीव शिवात एकरूप झाला. बौद्ध बांधव 'कालकथित' हा पालीची छाया असलेला शब्द योजतात आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जाहीर करितात. मुसलमान बांधवांत 'मरहूम' म्हणजे ज्यावर ईश्वराची दया झाली तो. नांदेड ही तर श्रीगुरू गोविंदसिंहांच्या देहावसानाची भूमी. १७०८ साली ते येथे निजधामास गेले, आणि शीख बांधव त्या घटनेस मृत्यू न म्हणता ज्योत ज्योतीत मिळाली असे म्हणतात. आपण ख्रिस्ती लोक 'ख्रिस्तवासी' म्हणतो, किंवा 'प्रभूच्या ठायी निद्रिस्त' असे लिहितो. दफनभूमीस ग्रीक भाषेत जो शब्द आद्य ख्रिस्ती लोकांनी रूढ केला, त्याचा अर्थच मुळी निजण्याची जागा असा आहे. आणि जो निजला आहे त्याने उठावयाचे आहे, ही आपली श्रद्धा. पाहा, एकाच चौकातील चार फलक चार समाजांचे धर्मशास्त्र आपणांस शिकवून जातात. मृत्यूच्या वार्तेत माणूस आपली अखेरची आशा लिहीत असतो. म्हणून तीस आम्ही संस्कृतीचा आरसा मानतो.

ही रीत काही आजची नाही. मराठवाड्यातील कितीतरी गावांत देवळाजवळ किंवा वेशीशी वीरगळ उभे आहेत. त्या दगडावर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीरास नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. गावासाठी किंवा गाईगुरांसाठी जो धारातीर्थी पडला, त्याचा तो दगडी निधनफलकच होय. चंद्रसूर्य असेतोवर ही वार्ता वाचली जावी, अशी त्यामागची इच्छा. परंतु दगड वीराच्या वाट्यास येई; नांगर धरणाऱ्याच्या, मोळी वाहणाऱ्याच्या वाट्यास तो येत नसे.

आणि आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. तार व टपाल खेड्यापाड्यांत पोहोचण्यापूर्वी, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, मयताचा सांगावा पायी जात असे. हा सांगावा नेण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवर लादलेल्या कामांचे वर्णन करताना ह्या कामाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पाटलाच्या वाड्यात कोणी मेले, की महारवाड्यात हाक जाई. मग रात्र असो वा भर पाऊस, कोसच्या कोस तुडवून लेकीच्या गावी, सोयऱ्यांच्या गावी वार्ता पोहोचवावी लागे. ज्या घरी वार्ता द्यावयाची, त्या घराच्या ओसरीवर पाय ठेवण्याची मुभा नसे. अंगणाबाहेर उभे राहून सांगावयाचे, आणि ओंजळीत वरून कोणी पाणी ओतील तर प्यावयाचे. आता विचार करा: असा सांगावेकरी स्वतः मेला, तर त्याची वार्ता घेऊन गावाने कोणास धाडले? कोणासही नाही. ज्याने आयुष्यभर इतरांचे मृत्यू गावोगाव सांगितले, त्याचा मृत्यू त्याच्या वस्तीबाहेर कोणास सांगावासा वाटला नाही.

आपल्या धर्मग्रामातील अनेक घराणी त्याच सांगावेकऱ्यांच्या वंशातील आहेत, आणि काही मातंग समाजातील आहेत. ही गोष्ट महोत्सवाच्या दिवशी झाकून ठेवण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. उलट ती अभिमानाने सांगावयास हवी. यशया संदेष्ट्याने डोंगरांवरून शुभवार्ता आणणाऱ्याच्या पायांची थोरवी गायिली आहे. आपल्या मराठवाड्यात ती शुभवार्ता वस्त्या-वस्त्यांवर कोणाच्या पायांनी गेली? मिशनरी धर्मगुरू आले खरे. परंतु त्यांच्या पुढे आणि मागे चालणारे धर्मशिक्षक बहुधा ह्याच वस्त्यांतील होते. ज्यांच्या वडिलांनी दुसऱ्यांच्या मृत्यूचा सांगावा वेठीने नेला, त्यांच्या मुलांनी प्रभूच्या पुनरुत्थानाचा सांगावा स्वखुशीने नेला. १९०३ साली जेज्वीट धर्मगुरू हेन्री डोरिंग ह्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मराठी कॅथोलिकांसाठी मासिक काढिले, त्याचे नाव 'निरोप्या' आहे. निरोप्या म्हणजे सांगावा नेणारा. गावाने ज्या कामास हलके मानले, तेच नाव ख्रिस्तसभेने आपल्या मुखपत्रास दिले.

ह्या इतिहासाच्या प्रकाशात चौकातील फलकाकडे पुन्हा पाहा. आपल्या वस्तीतील एखादा तरुण आपल्या आज्याचे छायाचित्र चौकात लावतो. तो आजा सालगडी होता, त्याचे नाव सावकाराच्या वहीखेरीज कोठे लिहिले गेले नसेल. आता ते नाव सर्व गाव वाचते; ज्यांच्या दारात आजा उभा राहू शकत नव्हता, तेही वाचतात. अशा फलकास शिकल्यासवरल्या लोकांनी नाक मुरडू नये. माझ्या घरचा मनुष्यही मनुष्य होता, हे तो तरुण सांगत आहे, आणि ते सांगण्याचा त्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला होता.

पश्चिमेकडेही मृत्यूचा सांगावा नेणारे होते. मध्ययुगात एखाद्या मठाचा अधिपती मरण पावला, म्हणजे एक दूत चर्मपत्राची गुंडाळी गळ्यात घेऊन मठामठांतून फिरे. प्रत्येक मठ त्यावर आपली प्रार्थना लिही, आणि आमच्याही मृतांसाठी प्रार्थना करा अशी विनंती करी. ११२२ साली वारलेल्या साव्हिन्यीच्या संत व्हिटालिसची अशी गुंडाळी आजही जतन केलेली आहे. तीवर दोनशेहून अधिक नोंदी आहेत. त्या दूतास मठात अन्न व आसरा मिळे. आपल्याकडील सांगावेकऱ्याचे हाल आठवले, म्हणजे दोहोंतील अंतर मनास बोचल्याशिवाय राहत नाही.

परंतु आपल्या धर्मात जाहीर मृत्युफलक म्हणून पहिला मान कशास द्यावा? तो कालवारीवरील फलकास होय. संत योहान सांगतो की पिलाताने तो लिहून क्रूसावर लाविला. इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत तो होता, आणि जागा नगराजवळ असल्यामुळे पुष्कळांनी तो वाचला. यहुदी पुढाऱ्यांनी मजकूर बदलण्याची मागणी केली. पिलाताने ती फेटाळली. लिहिणाऱ्याच्या मनात उपहास होता, तरी लिहिले गेले ते सत्यच होते. येथून आपण एक धडा घेऊ. मृत्यूचा फलक सर्वांस वाचता यावा, सर्वांच्या भाषेत असावा, आणि त्यावर असत्य नसावे. मराठी, उर्दू, तेलुगू व कानडी ह्यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपणांस ह्याचे मर्म अधिक कळावे.

असत्याचा विषय निघालाच आहे, तर एक कठीण गोष्ट बोलतो. मराठवाड्यात कर्जाने, नापिकीने पिचलेले शेतकरी स्वहस्ते जीवन संपवितात, हे दुःख आपल्या दारांपर्यंत आलेले आहे. शासनदरबारी अशा मृत्यूची चौकशी होते, आणि एक लाख रुपयांच्या साह्यासाठी ते प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरविले जाते. मेलेल्या माणसावर 'अपात्र' असा शिक्का! गावातील निधनवार्तेत मात्र 'अल्पशा आजाराने' असे लिहितात, कारण घरच्यांस लाज वाटते, आणि आपल्या लोकांस तर भीतीही वाटते की धर्मगुरू दफनविधी करणार नाहीत. ही भीती निराधार नव्हती. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिलेली नाही. आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे ख्रिस्तसभा आज शिकविते. म्हणून आम्ही ह्या व्यासपीठावरून सांगतो: अशा घरी आम्ही येऊ, मिस्साबलिदान अर्पण करू, आणि दफनभूमीत त्यास इतरांच्या पंक्तीतच जागा मिळेल. मृत्यूचे कारण छापलेच पाहिजे असे नाही. मौन म्हणजे असत्य नव्हे. परंतु खोटा आजार लिहू नका. त्या विधवेस व लेकरांस आयुष्यभर ते खोटे सांभाळावे लागते, आणि गावही त्या खोट्याआड आपली जबाबदारी विसरते.

ज्यांची वार्ता लागतच नाही, असेही मृत असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपत असता, किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. सांगावा नेणारा आणि ज्याला तो न्यावयाचा, दोघेही एकाच ढिगाऱ्याखाली होते. कितीएकांस सामुदायिक चितेवर अग्नी दिला गेला. वार्तापत्रांत माणसांच्या नावांऐवजी गावांची नावे आली, आणि नावांपुढे आकडे आले. जेथे घरेच्या घरे नाहीशी झाली, तेथे 'पश्चात' हा शब्द कोणी कोणासाठी लिहावा? म्हणूनच दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मरणासाठी जे लोक जमतात, ते त्या न लागलेल्या हजारो फलकांची उणीव भरून काढीत असतात, असे आम्हांस वाटते. त्या दिवशी आपल्या प्रार्थनेतही ती गावे असावीत.

तसेच २०२३ साली, ऑक्टोबरच्या आरंभी, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची वार्ता देशभर गेली. त्यांत १२ नवजात अर्भके होती. अर्भकाचा फलक चौकात कोणी लावीत नाही. त्यास बहुधा नावही ठेवलेले नसते. कागदावर आईच्या नावानेच त्याची ओळख असते. अशा आईस लोक म्हणतात, तू अजून तरुण आहेस, विसरून जा. बंधूंनो, आईस विसरावयास सांगू नका. तिच्या दुःखास एक नाव द्या, आणि ते नाव तिच्यासमवेत प्रार्थनेत उच्चारा.

एवढे सांगितल्यावर अतिरेकाविषयीही बोलणे प्राप्त आहे. आमच्या पाहण्यात असे फलक येतात, की त्यांवर मृताच्या छायाचित्रापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांची छायाचित्रे अधिक असतात. कोणाचे नाव वर आले, कोणाचे राहिले, ह्यावरून भावाभावांत अबोला होतो. पाहुण्यांच्या जेवणासाठी आणि फलकासाठी कर्ज काढिले जाते. आजारपणात औषधास पैसा नव्हता, तो तेराव्या दिवशी कोठून तरी येतो. स्त्री मेली, तर ती अमक्याची पत्नी व तमक्यांची मातोश्री असते. तिचे स्वतःचे नाव शोधून काढावे लागते. हा मृताचा सन्मान म्हणता येईल काय?

दावीद राजाचे उदाहरण घ्या. ज्या शौलाने त्याचा जीव घेण्याचा वारंवार प्रयत्न केला, त्याच शौलाच्या मृत्यूची वार्ता येताच दावीदाने शोकगीत रचिले, आणि ते यहुदाच्या लोकांस शिकविण्याची आज्ञा केली. त्यात वैराचा शब्द नाही. शौलाच्या पराक्रमाचा उल्लेख आहे आणि योनाथानाच्या स्नेहाचे स्मरण आहे. शोक जाहीर होता, उदार होता, आणि त्यात दावीदाने स्वतःची प्रौढी मिरविली नाही. मृत्युवार्ता लिहिणाऱ्याने एवढे पथ्य पाळिले तरी पुरे.

आता आचरणाच्या गोष्टी. धर्मग्राम समितीशी विचारविनिमय करून आम्ही पुढील रीत ह्या महोत्सवी वर्षापासून ठेवीत आहो. चर्चच्या फाटकाशी एक फलक राहील. धर्मग्रामातील कोणीही प्रभूकडे गेला, की त्याची वार्ता त्यावर लागेल. प्राध्यापकाची व झाडूवालीची अक्षरे एकाच मापाची असतील. स्त्रीचे नाव तिच्या स्नानसंस्काराच्या नावाने आरंभी येईल, नाते नंतर. नवजात अर्भकाचीही वार्ता लागेल. त्यावर तीन गोष्टी असतील: मृत कोण होता, दफनविधी केव्हा आहे, आणि त्याच्यासाठी व त्याच्या घरच्यांसाठी प्रार्थना करा ही विनंती. ज्यास आपल्या दारी वा चौकात फलक लावावयाचा असेल, त्याने तो अवश्य लावावा. परंतु नगरपालिकेची परवानगी घेऊन, आणि ऋण न काढिता. दफनानंतर मृतांच्या वहीत नोंद करावी, ही धर्मविधिसंहितेची आज्ञा आहे. ती नोंद घरच्या एका माणसाच्या समक्ष होईल, म्हणजे नाव, वय व गाव ह्यांत चूक राहणार नाही.

वस्तीतील कोणी अन्यधर्मीय शेजारी वारला, तर त्याच्या लोकांचा जो शब्द असेल, लिंगैक्य असो, कालकथित असो वा मरहूम असो, तोच शब्द आपण आदराने वापरावा, आणि त्या घरी जावे. आपल्या पूर्वजांस अंगणाबाहेर उभे केले गेले. आपण कोणाच्या दुःखात अंगणाबाहेर उभे राहू नये, आणि कोणास उभे करू नये.

शेवटची गोष्ट ही, की येत्या २ नोव्हेंबरास, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, मृतांच्या वहीतील पन्नास वर्षांची सर्व नावे मिस्साबलिदानाच्या वेळी मोठ्याने वाचली जातील. वेळ लागेल, तो लागू द्यावा. ज्या घरचे नाव वाचले जाईल, त्या घरच्यांनी उभे राहावे. ज्याच्या घरचे आता कोणीच उरले नाही, त्याच्यासाठी सर्व मंडळीने उभे राहावे. आपल्या पूर्वजांच्या मृत्यूचा सांगावा गावाने नेला नाही; तो आपण प्रभूच्या वेदीपाशी नेऊ.

मृत भाविकांस प्रभू आपल्या प्रकाशात विश्रांती देवो, आणि आपण जे मागे आहो त्या आपणांस एकमेकांची नावे विसरू न देवो. आमेन.